रमाबाईंचे ताट

‘शाकाहारी’ हा शब्द आमच्या जिल्ह्यात पुस्तकी वाटतो. बोलताना तो फारसा कोणी वापरत नाही. अमक्याने माळ घातली, तमक्याने वशाट सोडले, असे म्हणतात. आणि त्या माणसाने आपल्या आयुष्यापुरते काहीतरी ठरवले आहे, एवढेच त्यातून सुचवायचे असते. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये सरकारी कागदोपत्री धाराशिव झाले, तरी इथली काळी, काटक, बोरी-बाभळीच्या पाल्यावर तगणारी शेळी आजही ‘उस्मानाबादी’ याच नावाने ओळखली जाते आणि मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. तुळजापूरला नवसाचे बोकड येतात, तसा पुरणपोळीचा नैवेद्यही येतो. गावोगाव कंदुऱ्या होतात. याच जिल्ह्यात गोरोबाकाकांचे तेर आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या मांसाला न शिवलेली माळकऱ्यांची घरे आहेत. भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. तिथे आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये सल्लेखना घेऊन अन्नाचाच त्याग केला. खाण्याच्या आणि न खाण्याच्या इतक्या तऱ्हा ज्या मुलखात शेजारी-शेजारी नांदतात, तिथे मराठीच्या वर्गात आहाराचा विषय निघाला की तो केवळ वाङ्मयीन राहत नाही.

तो विषय आमच्याकडे निघाला पंडिता रमाबाईंच्या निमित्ताने. आम्ही गेली काही वर्षे एम.ए.च्या वर्गाला एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांचे लेखन शिकवतो आहोत. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) आणि ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९) ही त्यातली दोन पुस्तके. रमाबाईंवर शिकवताना धर्मांतर, शारदा सदनाचा वाद आणि बायबलचे भाषांतर हे तीन टप्पे ठरलेले असतात. त्यांच्या आहाराविषयी मात्र चरित्रांत एखादे वाक्य येते आणि पुढे जाते. त्या आयुष्यभर शाकाहारी राहिल्या, असे ते वाक्य. आम्हाला त्या वाक्यापाशी थांबावेसे वाटले.

त्यालाही एक कारण घडले. पाश्चात्त्य शाकाहारी चळवळीविषयी काही वाचत असताना तिथल्या इतिहासात एक ठराविक व्यक्तिमत्त्व वारंवार भेटते. तो माणूस चळवळ्या असतो, पुस्तके लिहितो आणि एक उपाहारगृहही चालवतो. मत मांडायचे, ते छापायचे आणि मग लोकांच्या ताटात वाढून दाखवायचे, अशी ती तिहेरी रीत. मराठीत असे कोण होते, हा प्रश्न आम्ही आपसात घेऊन बसलो. शाकाहारी उपाहारगृहे आपल्याकडे पुष्कळ झाली, पण त्यांच्या मालकांनी शाकाहारावर वाद घातल्याचे काही आमच्या वाचनात नव्हते. त्यांना त्याची गरजच नसावी. वाद घालायची गरज पडली ती एका मराठी बाईला, परक्या देशात, परक्या धर्माच्या आश्रमात. त्या बाईंनी हॉटेल काढले नाही. पण पुढे सुमारे दोन हजार माणसांची चूल पेटती ठेवली.

रमाबाईंच्या शाकाहाराकडे वळण्यापूर्वी त्यांच्या भुकेकडे पाहायला हवे. १८५८ मध्ये गंगामूळच्या अरण्यात जन्मलेली ही मुलगी अनंतशास्त्री डोंगरे यांची. आपल्या पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवणारे हे शास्त्रीबुवा पुढे कुटुंबासह तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. पुराणिकाचा चरितार्थ श्रोत्यांच्या दक्षिणेवर, आणि श्रोत्याच्याच घरी दाणा नसेल तर पुराणिकाला कोण काय देणार? १८७०च्या दशकातील दुष्काळात हे कुटुंब अक्षरशः उपाशी मेले. १८७४ मध्ये वडील, पाठोपाठ आई, मग मोठी बहीण. रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात रानातल्या अकरा दिवसांची हकिगत आहे; त्या दिवसांत पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी जीव धरला. पुढे त्या आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी उत्तरेकडे गेले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

आमच्या भागातील सत्तरीच्या पुढची माणसे अजून १९७२च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगतात. खडी फोडायची कामे, तिथे वाटली जाणारी सुकडी, आणि परदेशातून आलेली ती लाल मिलो, जिची भाकरी धड थापली जात नसे. भूक पाहिलेल्या माणसाचा एक स्वभाव बनतो. समोर आले ते खावे, नावे ठेवू नयेत. रमाबाईंच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे लागते. झाडपाल्यावर दिवस काढलेली ही बाई दहा वर्षांच्या आत इंग्लंडमध्ये समोर आलेल्या पुडिंगला नकार देते. तो नकार पोट भरलेल्या माणसाचा चोखंदळपणा असू शकत नाही.

१८८० मध्ये बंधू गेले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि १८८२ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन विधवा म्हणून त्या पुण्याला आल्या. तिथे आर्य महिला समाज, तिथेच ‘स्त्रीधर्मनीति’. वैद्यकी शिकायच्या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे प्रवासखर्चाला उपयोगी पडले. राहण्याची सोय ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज येथील सेंट मेरी आश्रमात झाली. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे, असे ठरले होते. म्हणजे पेशाने त्या आमच्याच पंक्तीतल्या. परदेशातल्या पहिल्यावहिल्या मराठीच्या अध्यापिकांपैकी एक. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्मघात केला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. बहिरेपण वाढत गेल्याने वैद्यकीचा विचार सोडावा लागला आणि त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू आणि संस्कृत शिकवू लागल्या.

आश्रमातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंनी रमाबाईंची पत्रे जपून ठेवली, म्हणूनच १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती प्रसिद्ध होऊ शकली. संपूर्ण पत्रव्यवहार इंग्रजीत आहे. पण वाचताना एखाद्या मराठी घरातला आजी-नातीचा वाद ऐकत असल्यासारखे वाटत राहते. विषय मोठमोठे आहेत: त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, धर्मगुरूंची सत्ता. रमाबाईंनी चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांचे म्हणणे पडले, त्यावरूनही मोठा वाद झाला. या सगळ्याच्या मधोमध अंडी येतात.

अंडी घातलेले पदार्थ रमाबाई खात नाहीत, ही गोष्ट आजीबाईंना खुपत होती. त्यांच्या मते हा जातीचा जुना अभिमान होता. बाप्तिस्म्याच्या पाण्याने तो धुऊन निघायला हवा होता. त्यांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. हिंदुस्थानातल्या मिशनऱ्यांच्या लेखी एकत्र जेवण ही जात सुटल्याची सर्वांत दिसती खूण होती, आणि वरच्या जातीतून आलेला माणूस ताटापाशी अडखळला की त्यांना शंका येई. रमाबाईंचे उत्तर आम्ही वर्गात पुनःपुन्हा वाचतो. पाय आणि पुडिंगांत, दूधलोण्यात, पाण्यात आणि अंड्यांत माझा अभिमान शोधायचा असेल तर खुशाल शोधा, असे त्या आधी सांगतात. मग कबूल करतात की जातीच्या संस्कारांतून आपण पूर्ण मोकळ्या झालेल्या नाही. आणि त्यानंतर उलट विचारतात, की एखादी इंग्रज बाई काही काळ हिंदूंमध्ये राहायला गेली आणि शेजाऱ्यांना जाच नसलेल्या आपल्या चालीरीती तिने सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले तिला आवडेल काय?

या उत्तरातल्या दोन गोष्टी आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. एक, रमाबाई आपल्या शाकाहाराला पवित्र ठरवत नाहीत. त्यात जातीचा अंश आहे हे त्या आपण होऊन सांगतात. एकोणिसाव्या शतकातील किती जणांनी आपल्या ताटाविषयी एवढे स्वच्छ बोलून दाखवले असेल? दोन, चालरीत टिकवायची की नाही याची एक कसोटीच त्या हाती देतात: तिने शेजाऱ्याला इजा होते काय? ही कसोटी आजीबाईंना उद्देशून असली, तरी तिचा रोख दोन्हीकडे आहे. ती ब्राह्मणी सोवळ्यालाही लावता येते, आणि लावली तर ते सोवळे त्यात उतरत नाही.

याच पत्रव्यवहारात गळ्यातल्या क्रूसाचाही वाद आहे. त्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंना लॅटिनचे काही अगत्य नव्हते. अक्षरे हवीतच तर ती संस्कृतात का नसावीत, असे त्यांचे म्हणणे. ब्राह्मणांना संस्कृताविषयी जे वाटते तेच तुम्हाला लॅटिनविषयी वाटते काय, हा त्यांचा प्रश्न आजही चपखल वाटतो. धर्म बदलला, भाषा आणि ताट ही दोन ठिकाणे मात्र त्यांनी आपल्या ताब्यात ठेवली. ज्यांच्या अन्नावर आपण राहतो त्यांच्याशी अन्नावरून वाद घालणे किती अवघड असते, हे नातेवाइकांकडे राहून शिकलेल्या कोणालाही समजेल.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे आनंदीबाई जोशी हाच प्रश्न सोसत होत्या. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि तिथल्या थंडीतही साडी आणि शाकाहार सोडला नाही. ११ मार्च १८८६च्या पदवीदान समारंभाला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून हजर राहिल्या. दोघी नात्यातल्या. एक ख्रिस्ती झालेली, दुसरी हिंदू राहिलेली. ताट दोघींचे सारखेच. आनंदीबाई परतल्या त्या क्षय घेऊन आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. एकविसाव्या वर्षी गेलेल्या या मुलीच्या आहारावर लोक आजही चर्चा करतात. तिला ऊब आणि विश्रांती किती मिळाली याची चर्चा कमी होते.

पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, मोहनदास गांधी लंडनला पोहोचले, तेव्हा त्यांना एक गोष्ट लाभली जी या दोघींना लाभली नव्हती: उपाहारगृह. इंग्लंडात १८४७ मध्ये व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली होती आणि १८८०च्या दशकात लंडनमध्ये शाकाहारी खाणावळींची रेलचेल होती. आईला दिलेल्या शब्दापायी अर्धपोटी हिंडणाऱ्या गांधींना फॅरिंग्डन स्ट्रीटवर असे एक उपाहारगृह सापडले. दारातच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरचे पुस्तक विकायला होते. ते विकत घेऊन मग ते पोटभर जेवले. त्या पुस्तकानंतर आपण स्वेच्छेने शाकाहारी झालो, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. पुढे जोहान्सबर्गला एका थिऑसॉफिस्ट बाईंचे शाकाहारी उपाहारगृह वाढवायला त्यांनी बद्री नावाच्या आपल्या अशिलाचे सुमारे हजार पौंड दिले, ते बुडाले आणि पदरचे भरावे लागले. १९०६ मध्ये लंडनच्या चँडोस स्ट्रीटवर युस्टेस माइल्स यांनी काढलेले उपाहारगृह तर इतके प्रसिद्ध झाले की ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘हॉवर्ड्‌स एंड’ (१९१०) या कादंबरीत त्याचे नाव येते. हे माइल्स केंब्रिजचे शिकलेले, आहारावर पुस्तके लिहिणारे आणि १९०८च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेले खेळाडू. तुरुंगातून सुटलेल्या मताधिकारवादी स्त्रियांना न्याहारी दिली जाई ती त्यांच्या उपाहारगृहात.

या उपाहारगृहांविषयी वाचताना मनात भरते ते त्यांचे उघडे दार. पैसे द्या आणि जेवा. तुम्ही कोण, हे विचारायचे नाही. आपल्याकडे नेमका तोच प्रश्न आधी विचारला जाई. आपल्याकडच्या जुन्या पाट्यांवर आतल्या अन्नात काय आहे याच्या आधी ते कोणाचे आहे हे लिहिलेले असे. ‘ब्राह्मणांचे उपाहारगृह’ ही पाटी विसाव्या शतकातही बराच काळ टिकली. त्यातला ‘ब्राह्मणांचे’ हा शब्द गळाला आणि ‘शुद्ध शाकाहारी’ हे शब्द आले, तेव्हा अर्थ किती बदलला आणि किती तसाच राहिला, हे शब्दार्थाचा अभ्यास करणाऱ्यांनी एकदा पाहण्याजोगे आहे.

याचा एक लख्ख पुरावा पुण्यातच घडलेला आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि सभेनंतर चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक आदी मंडळी हजर होती. कोणी चहा घेतला, कोणी नुसताच पेला हाती धरला. पण नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले, ते शंकराचार्यांपर्यंत गेले. प्रायश्चित्तांचे प्रकरण पुढे कितीतरी काळ चालले. हा घाट घालणारे गृहस्थ कोण? गोपाळराव जोशी; म्हणजे आनंदीबाईंचे यजमान. आणि पंचहौदला वाँटेजच्याच भगिनींचे काम चाले. आमच्या गोष्टीतली सगळी पात्रे जणू एका चहापाशी जमली. त्या चहात मांस नव्हते. आक्षेप आहारावर नव्हताच, तो कपावर आणि कप देणाऱ्या हातावर होता.

हा चहा आणि वाँटेजचे ते पुडिंग शेजारी-शेजारी ठेवले की रमाबाईंची जागा ठरवता येते. पुण्याच्या सनातन्यांना अन्न कोणाच्या हातचे आहे याची चिंता होती. आजीबाईंना अन्न नाकारल्याने धर्म अपुरा राहतो अशी शंका होती. रमाबाईंनी हात कोणाचा हा प्रश्न मागे टाकला आणि अन्न कोणते हा प्रश्न स्वतःपुरता शिल्लक ठेवला. जे परंपरेने एकत्र बांधून दिले होते ते त्यांनी सोडवून वेगळे केले, आणि दोन्ही बाजूंचा रोष घेतला.

स्वतःची संस्था काढली तेव्हा त्यांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला हलले. तिथे येणाऱ्या विधवांना आपापले खाण्यापिण्याचे नियम पाळण्याची मोकळीक होती. आजीबाईंकडे जी मोकळीक मागावी लागली, ती रमाबाईंनी आपल्या छपराखाली मुलींना न मागता दिली. १८९३ मध्ये धर्मप्रसाराच्या आरोपावरून वादळ उठले, सल्लागार मंडळी बाहेर पडली, मुली काढून नेल्या गेल्या. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर १८९६-९७चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या मुलींत त्यांना स्वतःची वीस वर्षांपूर्वीची प्रतिमा दिसली असेल, हे सांगायला कल्पनाशक्ती लागत नाही. शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या. १९००च्या दुष्काळानंतर मुक्ती सदनातील माणसांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली.

दोन हजार माणसांचा स्वयंपाक म्हणजे काय, हे लग्नकार्याच्या पंक्ती वाढलेल्या माणसाला कळेल. माणशी दोन भाकरी धरल्या तरी एका वेळेला चार हजार होतात. आणि लग्न एका दिवसाचे, इथे रोजचे. केडगावला विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, दुभती जनावरे आली, तेलाचा घाणा आला, छापखानाही आला. एकाच आवारात एकीकडे दळण आणि दुसरीकडे बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे खिळे जुळवणे चाले. त्या आवारात जातीवरून पंगत मांडण्याची सोय उरली नव्हती. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या, तोवर त्यांचे स्वतःचे जेवण शाकाहारीच होते. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर जवळपास एकोणचाळीस वर्षे. कुणा शास्त्राची सक्ती नव्हती, बिरादरी नव्हती, ग्रामण्याचे भय नव्हते. इतकी वर्षे जे टिकले त्याला केवळ जुनी सवय म्हणणे आम्हाला जड जाते. ते सवयीतून आले आणि पुढे त्यांचे स्वतःचे झाले, असे आम्ही मानतो. गांधींच्या बाबतीत आईच्या शब्दाकडून स्वतःच्या निवडीकडे झालेला प्रवास एका पुस्तकाने आणि एका उपाहारगृहाने झाला. रमाबाईंचा झाला तो वादातून आणि पत्रांतून.

हे सगळे आम्ही वर्गात मांडले, तेव्हा एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, पण रमाबाईंना नको म्हणता आलं, कारण त्या नको म्हणायच्या जातीतून आल्या होत्या. आमच्या आज्यांना कोण विचारत होतं, काय खाणार म्हणून?” हे म्हणणे परतवून लावण्यासारखे नव्हते आणि आम्ही ते परतवले नाही. नकार देता येणे हीसुद्धा एक मिळकत असते आणि ती सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले. लेखक आपल्याच जिल्ह्याचे. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची ती नोंद आहे. ज्या घरांना उरलेसुरले, मिळेल ते आणि इतरांनी टाकलेले यांतून चव निर्माण करावी लागली त्या घरांची. मराठी पाककृतींच्या पुस्तकांत हे ताट कधी आलेच नव्हते. रमाबाईंच्या पत्रांशेजारी आम्ही हे पुस्तक वाचायला सांगू लागलो ते त्या मुलीच्या प्रश्नामुळे. एकाने दुसऱ्याला खोटे पाडावे म्हणून हा शेजार मांडलेला नाही. एका ताटात काय नको याचा इतिहास आहे, दुसऱ्यात काय नाकारले गेले याचा. आणि मराठी समाजाचे जेवण या दोन्हींनी मिळून झालेले आहे.

त्याच वर्गात मागे बसणारा एक मुलगा होता. गळ्यात तुळशीची माळ. घराणे तीन पिढ्यांचे वारकरी, आषाढी चुकत नाही. त्या वर्षी तो शहरात खोली शोधत होता. घरमालक आधी विचारत, काय खाता. तो माळ दाखवी. मग आडनाव विचारत. “माळ घालून पण खोली भेटली नाही, सर,” एवढेच तो म्हणाला आणि वही मिटून बसला. कोणीही काही बोलले नाही. आदल्याच आठवड्यात आम्ही पंचहौदचा चहा शिकवला होता. एकशे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे ग्रामण्य इतक्या जवळून पुन्हा समजावून घ्यावे लागेल, असे कोणाला वाटले नव्हते. आहाराचा प्रश्न विचारून जातीचे उत्तर काढून घेण्याची ही रीत त्या चहाच्या कपातूनच आलेली आहे.

शाकाहाराविषयी आम्हा अध्यापकांत एकमत नाही. आमच्यातले एक जण माळकरी घरातले, एक जण रविवारी मटणाशिवाय न जेवणारे. प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न खरा आहे; उस्मानाबादी शेळीची करडे बाजारात नेताना तिचे ओरडणे आम्हीही ऐकलेले आहे. तो प्रश्न जातीच्या प्रश्नात बुडवून टाकावा, असे आम्हाला वाटत नाही. पण त्या प्रश्नाच्या आडून माणसाला दाराबाहेर ठेवले जाते तेव्हा प्राण्यांच्या दयेचे नाव तिथे नुसते वापरलेले असते. रमाबाईंची कसोटी इथे उपयोगी पडते. माझ्या ताटातला नकार माझा आहे. त्याने शेजाऱ्याच्या घराचे दार बंद होत असेल तर तो त्या कसोटीला उतरत नाही.

त्या मुलाला पुढे दूरच्या एका वस्तीत खोली मिळाली. परीक्षेआधी त्याने जो निबंध दिला त्यात रमाबाईंच्या अंड्यांवर दोन पाने होती. आजीबाईंच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही रमाबाईंचा राग आला असता, असे त्याने लिहिले होते. आणि खाली, रमाबाईंच्या जागी असतो तर आपणही पुडिंग खाल्ले नसते, असेही. या दोन वाक्यांत मेळ कसा घालायचा ते त्याला सुचले नसावे. आम्ही त्याला तो घालायला सांगितला नाही.